जेवणानंतरचा पाऊण तास

तब्येतीचा विषय निघाला की लगेच जिमची फी, पहाटे पाचचा गजर आणि डब्यातल्या महागड्या पावडरी यांवर बोलणं सुरू होतं. मला मनापासून वाटतं, सुरुवात तिथून करूच नये. रात्री ताटं उचलल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंतचा जो पाऊण तास असतो, तो आधी हातात घ्यावा. आमच्या घरात फरक पडला तो तिथूनच.

चार वर्षांपूर्वी बाबांना मधुमेह निघाला. तोवर त्यांचा नेम ठरलेला. साडेनऊला जेवण, हात धुतला की सोफा, बातम्या आणि तिथेच डुलकी. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "जेवल्यावर चालता का?" बाबा म्हणाले, सकाळी चालतो. "सकाळचं चालू द्या. पण रात्री पंधरा मिनिटं हवीतच." जेवणानंतर तासाभरात रक्तातली साखर चढत असते. आपण चालतो तेव्हा पायांचे मोठे स्नायू ती साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनवर तेवढा भार पडत नाही. शतपावली ती हीच. फक्त, शंभर पावलं मिनिटभरात संपतात, तेवढ्यावर थांबू नका.

२०२३ साली आयसीएमआर-इंडियाबच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहावरच्या देशव्यापी पाहणीत, देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज आला. म्हणजे हा एकट्या आमच्या घरचा प्रश्न नाही.

बाबा एकटे कंटाळतील म्हणून मीही खाली जायला लागले. गेटपासून पंपाच्या खोलीपर्यंत, बारा फेऱ्या. पहिले काही दिवस आम्ही नुसत्या फेऱ्या मोजत होतो. मग एका रात्री ते आपणहून बोलायला लागले. १९८२ च्या संपात आजोबांची गिरणी बंद पडली, आजोबा गावी निघून गेले आणि भाड्यापासून आत्याच्या फीपर्यंत सगळं बाबांच्या एकट्याच्या पगारावर आलं. इतकी वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं! समोरासमोर बसून ते कधीच बोलले नसते. शेजारी चालताना माणूस मोकळा होतो. साखर आता बरीच आटोक्यात आहे. गोळी चालूच आहे, आणि कुणीही ती आपल्या मनाने बंद करू नये. पण मला विचाराल तर त्या फेऱ्यांनी बाबांची साखर सांभाळली त्याहून जास्त त्यांचं मन सांभाळलं.

वर आलो की ओटा. खरकटं बाहेर, सिंक रिकामं, ओटा कोरड्या फडक्याने पुसून. झुरळांना रात्री पाण्याचा थेंब आणि अन्नाचा कण मिळाला की पुरतं. झुरळांच्या विष्ठेने दमा बळावतो, आणि माझ्या लेकीला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे यात मी तडजोड करत नाही. जाता जाता वाटीभर मटकी भिजत घालायची. उद्या तिला मोड आले की मधल्या वेळी हात बिस्किटाच्या पुड्याकडे जात नाही. फोन सगळ्यांचे हॉलमध्ये चार्जिंगला. उशाशी स्क्रीनचा उजेड असेल तर झोप लांबते, हे आता नव्याने सांगायला नको.

पण एक गोष्ट ठामपणे सांगते. पुरुष शतपावलीला आणि बाई ओट्याशी, अशी वाटणी असेल तर त्याला घराचं आरोग्य म्हणू नका. किती घरांत बाई सगळ्यांच्या मागून जेवते, मग भांडी, मग दूध विरजणं, आणि अकरा वाजता पाठ धरून आडवी होते. तिने कधी चालायचं? आमच्याकडे ओटा नवऱ्याचा, मटकी लेकीची. हे सहज झालं नाही. दोन महिने रोज आठवण करावी लागली. पण झालं.

काल पाऊस कोसळत होता. म्हटलं, आज बाबा सोफ्यावर बसणार. तर ते गॅलरीत उभे, पायात चपला.

"जिन्याखालच्या पॅसेजमध्ये पाणी नाही येत," म्हणाले, "चल."