रोप आणलं, पण बी कुठलं?

२०२५च्या नोव्हेंबरात नाशिकच्या तपोवनात सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, १,८००च्या आसपास झाडांवर गंडांतर आल्याची बातमी आली आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर दुसरा विषयच उरला नाही. झाडांना मिठी मारून उभे राहिलेले नाशिककर बघून इथे इंग्लंडात, सफोकमध्ये, माझा ऊर भरून आला. मी त्यांच्याच बाजूची. पुढे सरकारने आंध्रातल्या राजमुंद्रीहून १५,००० रोपं आणून लावू असं जाहीर केलं. ग्रुपवर आकड्यावरून वाद झाला, पण त्या रोपांचं बी कुठलं हे कुणी विचारलं नाही. इथे आले नसते तर मलाही ते सुचलं नसतं.

घराजवळच्या रानात हिवाळाभर दर रविवारी आम्ही दहा-बारा जण रानाची निगा शिकायला जमतो. शिकवणाऱ्या बाईंनी पहिले तीन रविवार माझ्या हातात कोयता दिलाच नाही. नुसतं बघायला लावलं: ऊन जमिनीपर्यंत कुठे पोचतं, कुठलं झाड शेंड्याकडून वाळत चाललंय. मग हेझलची झुडपं बुंध्याशी छाटायला शिकले. त्यांना नवे फुटवे येतात, काही वर्षांनी पुन्हा छाटणी. जवळच्या ब्रॅडफिल्डच्या वनात हे काम १२५२पासून चालत आलंय. (यावरून ‘तोडलं तरी फुटतंच की’ असं माझा चुलतभाऊ म्हणाला. नाही. तपोवनातली जुनी झाडं म्हणजे हेझलची झुडपं नव्हेत.)

बियाचं मी तिथेच ऐकलं. आज लावलेला ओक शंभर वर्षांनंतरच्या हवेत जगायचा आहे, म्हणून गावच्या बियाबरोबर दक्षिणेकडच्या, जास्त उबदार मुलखातलं थोडं बी मिसळतात. २०१२मध्ये इथे अ‍ॅशच्या झाडांवर बुरशीचा रोग सापडला, तेव्हापासून एकाच जातीच्या भरवशावर राहायची धास्तीच बसली आहे.

आणि आपला जिल्हा! इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, सिन्नर-येवल्याच्या पूर्व पट्ट्यात जेमतेम ५००-६००. दोन-तीन तासांच्या रस्त्यावर इतका फरक. सिन्नरच्या माळावर दुष्काळातून तगलेल्या पळसाचं बी नाशिकच्या डोंगरावर लावून बघायला काय हरकत आहे? त्यासाठी कुठल्या झाडाखालून बी उचललं, ते कधी रुजलं, किती जगलं याची वही ठेवणारी माणसं हवीत. राज्याच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार तोडलेलं झाड जितक्या वर्षांचं, तितकी नवी लावायची. ऐंशी वर्षांच्या एका वडामागे ८० रोपं. ती राखायची कशी, हे शिकलेले हात कुठे आहेत?

शिकवणारे आहेत. नाशिकजवळचा बोरगडचा डोंगर २००८मध्ये संवर्धन राखीव झाला. तो गावकऱ्यांच्या साथीने चराई आणि वणव्यापासून जपला गेला. पेठ-हरसूलकडच्या मावश्यांना मोहाचं एकेक झाड ओळखीचं असतं. त्यांना सत्काराची शाल नको, शिक्षकाचं मानधन द्या. वर्षभराचा वर्ग करा: वैशाखात बी वेचणं, आषाढात लावणी, दिवाळीनंतर गवत कापून जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा), फाल्गुनात वणव्याची राखण. शिकणाऱ्यांनाही भत्ता हवा, कारण सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या पोराचा रविवार माझ्या इथल्या रविवारासारखा मोकळा नसतो. सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पूल यांना पैसा निघतो, तिथे या वर्गाचा खर्च फार नाही.

मे महिन्यात मी घरी येतेय. मामाच्या सिन्नरच्या बांधावर तीन पळस आहेत, त्यांच्या चपट्या शेंगा तोवर वाळतील. आईला सांगून ठेवलंय, तिन्हींच्या शेंगा वेगळ्या पाकिटांत ठेव आणि वर झाडाची खूण लिही.