काकडीचा फॅरो

प्राचीन इजिप्तचे अंत्यविधी फळ्यावर शिकवले तर एका तासात उरकतात. पण आमच्या शाळेत हल्ली सगळं 'कृतीतून' शिकवायचं असतं, आणि इजिप्त म्हटलं की कृती एकच, ममी.

परदेशातल्या शाळांत म्हणे अख्ख्या कोंबडीची ममी करतात. आमच्याकडे डब्यात अंडंही चालत नाही, त्यामुळे फॅरोपदी, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या जागी, काकडी बसली. डाव्या कुशीला चीर, बिया बाहेर, आत मीठ आणि खायचा सोडा. खरं नेट्रॉन, म्हणजे शव सुकवणारा क्षार, इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या तळ्यांतून यायचं, आमचं कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आलं. शव ४० दिवस सुकवायचं, सगळा विधी ७० दिवसांचा, असं सांगितल्यावर "बाई, तोवर सहामाही होईल" असा दिलासा मिळाला.

मेंदू आकड्यानं नाकातून काढून फेकून देत आणि हृदय मात्र जागीच ठेवत, कारण विचार हृदयच करतं अशी समजूत. लगेच मागच्या बाकावरून आवाज, "म्हणजे वर गणित नसतं?"

पट्ट्यांसाठी बँडेज आणायला सांगितलं होतं. एका पठ्ठ्यानं आजोबांचं धोतर फाडून आणलं. वर्गात खरा इतिहासकार तोच! इजिप्तमध्येही घरातलं जुनं लिनन फाडून पट्ट्या करत. आजोबांना फोनवर हे समजावलं. पटलं नाही.

मग उशब्ती. परलोकात शेतावर बोलावणं आलं की धन्याऐवजी "हजर!" म्हणणारे बाहुले. तुतानखामुन राजाच्या थडग्यात असे ४१३ सापडले: ३६५ कामकरी, ३६ मुकादम आणि वर महिन्याला एक असे १२ बडे मुकादम. मेल्यावरही पर्यवेक्षण सुटत नाही, हे कुठल्याही शिक्षकाला पटेल. पोरांनी शाडूचे गडी भराभर वळले, गृहपाठासाठी. मॉनिटरनं मुकादमकी मागून घेतली.

शेवटी मेलेल्याचं हृदय तोलायचं. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. ४२ देवांपुढे "मी चोरी केली नाही, मी खोटं बोललो नाही" म्हणायचं. हृदय जड भरलं तर मगरीचं तोंड, सिंहाचं धड आणि पाणघोड्याचं बूड असलेली अम्मित ते गिळते. मृतांचा देव ओसायरिस व्हायला कुणी तयार होईना, अम्मित मात्र अर्धा वर्ग झाला. "मी कुणाचा डबा खाल्ला नाही," असं पहिला मृतात्मा म्हणाला आणि एकच गिल्ला झाला.

तो ऐकून मुख्याध्यापिका दारात आल्या. सगळ्या अम्मिती एकदम गप्प. एकीनं तेवढ्यात तराजू पुढे केला, "मॅडम, तुमचं?"