चौथ्या दिवशी ठणका वाढला तर: अक्कलदाढेबद्दलच्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी दवाखान्यातली फोनची वही बघायची होती. तुमचं म्हणणं असं आहे: ‘तीन दिवसांत बरं वाटेल’ असं मी सांगितलं, पण चौथ्या दिवशी ठणका वाढला. फोन केला तर ‘दुखणारच, गोळी घ्या’ म्हणून ठेवून दिला. दोन रात्री जागून काढल्यावर तुम्ही स्वतःच येऊन बसलात, तेव्हा खड्ड्यात औषध भरायचे वेगळे ३०० रुपये घेतले. ‘दाढेचा तुकडा आत राहिला असणार’ असंही तुम्ही लिहिलंय. तुमच्या केसपेपरवरचं काही मी इथे लिहिणार नाही, ते तुमचं खासगी आहे. जे तुम्ही स्वतः लिहिलंय, तेवढ्याबद्दलच बोलते.

आधी फोनचं. वहीत तुमचा फोन आहे आणि पुढे फक्त ‘गोळी सांगितली’ एवढंच लिहिलंय. निरोप माझ्यापर्यंत आलाच नाही. याचा दोष मी काउंटरवरच्या मुलीला देणार नाही. दाढ काढल्यावरचं कोणतं दुखणं नेहमीचं आणि कोणतं डॉक्टरला लगेच सांगायचं, हे मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. त्या दोन रात्री तुम्हाला माझ्यामुळे काढाव्या लागल्या. मनापासून माफी मागते.

‘तीन दिवस’ हेही मी नीट सांगितलं नाही. खालची अडकलेली अक्कलदाढ काढली की सूज पहिल्या दिवशी फारशी दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल सगळ्यात जास्त फुगतो. तोंड उघडत नाही, घास आत जात नाही. मऊ भात, पेज, गार ताक यांवर दिवस काढावे लागतात. तिथून पुढे उतार पडायला लागतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी माणूस बरा होत नाही, बरं व्हायला सुरुवात होते. आणि जे वाक्य मी त्याला जोडूनच बोलायला हवं होतं ते हे: चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, सणक कानापर्यंत जायला लागली, तोंडाला वास यायला लागला आणि गोळीने भागेना, तर वाट बघू नका, या.

या दुखण्याला ड्राय सॉकेट म्हणतात. दाढ निघाली की खड्ड्यात रक्त साकळतं आणि त्या गुठळीखाली जखम भरून येते. गुठळी वेळेआधी विरघळली किंवा निघून गेली तर खालचं हाड उघडं पडतं, आणि मग साधं पाणी लागलं तरी जीव जातो. अँटिबायोटिक वाढवून हा ठणका थांबत नाही. खड्डा सलाइनने धुऊन त्यात औषध ठेवावं लागतं. त्याला लवंगेचा वास येतो, कारण त्यात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं. बहुतेकांना त्याने थोड्याच वेळात आराम पडतो, पण एक-दोन दिवसांनी ते पुन्हा बदलावं लागू शकतं.

तुम्ही लिहिलंय की एकही पथ्य मोडलं नाही. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पहिले २४ तास थुंकू नका, गुळण्या करू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, हे आम्ही सांगतो ते गुठळी टिकावी म्हणून. पण सगळं पाळूनही काहींना हा त्रास होतो, आणि खालच्या अवघड दाढेत तर जास्तच. तंबाखू-सिगारेटने धोका वाढतो. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, मिश्रीसुद्धा त्यातच आली. आमच्याकडे कित्येक बायका ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि खोटं बोलत नसतात, कारण मिश्री लावणं त्यांच्या लेखी दात घासणं असतं. म्हणून आता मी मिश्रीचं वेगळं विचारते.

तुकडा राहिल्याचं मात्र मला मान्य नाही. ड्राय सॉकेट व्हायला आत काही राहावं लागत नाही, दाढ पूर्ण निघाली तरी होतो. तुमच्या मनात शंका असेल तर तुमचे सगळे एक्स-रे घेऊन जा आणि तुमच्या पसंतीच्या दुसऱ्या दंतवैद्यांना दाखवा. मला त्याचं अजिबात वाईट वाटणार नाही.

३०० रुपये काउंटरवर पाकिटात ठेवलेत. आमच्याकडे दाढ काढलेल्या कुणाकडूनही या ड्रेसिंगचे पैसे यापुढे घेणार नाही. अक्कलदाढ काढलेल्या प्रत्येकाला चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन जाईल, आणि ‘वाढलंय’ असं उत्तर आलं तर तो फोन माझ्या हातात येईल. कालपासून हे सुरू केलंय.

तुमच्या हिरडीचा खड्डा झाकायला अजून तीन-चार आठवडे लागतील. तोवर त्यात शीत अडकेल, त्याने घाबरू नका. काडी किंवा पिन घालू नका, जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याची हलकी गुळणी करा. ठणका पुन्हा उठला तर माझा मोबाइल नंबर तुमच्या केसपेपरच्या मागे लिहून ठेवते, पाकीट न्यायला याल तेव्हा तोही घ्या. रात्रीसुद्धा फोन करा.