‘मोर्चानं युद्ध थांबत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला सोलापुरातून उत्तर

चार दिवसांत एकच मेसेज मला पाच ग्रुपांवर आला. मजकूर साधारण असा: ‘२००३ साली जगभर कोट्यवधी लोक रस्त्यावर उतरले, तरी इराकवर हल्ला झालाच. मोर्चानं युद्ध थांबत नाही. आखातात काय व्हायचं ते होईल, सोलापूरचा संबंध काय? पूनम गेटला फलक धरून उभे राहणारे शत्रूचीच बाजू घेतात.’ पाठवणाऱ्यांत माझे सख्खे मामा आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

‘तरी हल्ला झालाच.’ झाला, खरंच झाला. १५ फेब्रुवारी २००३ ला सुमारे ६०० शहरांत निदर्शनं झाली आणि २० मार्चला बगदादवर बॉम्ब पडायला लागले. पण मधलं आणि नंतरचं सगळं हा मेसेज गाळतो. १ मार्चला तुर्कस्तानच्या संसदेपुढे अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून वाट द्यायचा ठराव होता. त्याच दिवशी राजधानी अंकारात हजारो माणसं विरोधात जमली होती. ठरावाच्या बाजूनं २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. हजर सदस्यांच्या बहुमताला फक्त तीन मतं कमी पडली आणि उत्तरेकडून इराकमध्ये घुसायचा बेत तिथंच अडला.

आपल्याकडे बघा. त्या एप्रिलमध्ये लोकसभेनं युद्धाविरुद्ध ठराव केला. पुढे अमेरिकेनं इराकमध्ये भारतीय सैन्य मागितलं, तेव्हा जुलैमध्ये वाजपेयी सरकारनं नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नव्हता हे कारण होतंच. पण लोकांना आणि विरोधी पक्षांना ते रुचलं नसतं, हेही सरकारला दिसत होतं. आपले जवान त्या आगीत गेले नाहीत. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेनं २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. त्या चर्चेवर इराकचीच सावली होती.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. १९६९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी उत्तर व्हिएतनामला १ नोव्हेंबरची मुदत देऊन मोठ्या हल्ल्याची तयारी चालवली होती. १५ ऑक्टोबरला अमेरिकाभर लाखो लोक कामधाम सोडून रस्त्यावर आले. ‘माझ्यावर परिणाम होणार नाही,’ असं निक्सन जाहीरपणे म्हणाले होते. तो हल्ला झाला नाही. निदर्शनांमुळे आपल्या धमकीतला दम गेला, हे त्यांनी पुढे आठवणींत लिहिलं. त्या दिवशी चाललेल्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते घरी गेले तेव्हा युद्ध चालूच होतं, त्यांना वाटलं असेल, पाय दुखले तेवढेच.

‘सोलापूरचा संबंध काय?’ मामा, हे तुम्ही विचारावं? १९९० साली इराकनं कुवेतवर हल्ला केल्यावर तिथून १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीयांना परत आणावं लागलं, त्यात तुम्ही होतात. बसनं इराक ओलांडून जॉर्डनमधलं अम्मान, तिथून विमानानं मुंबई, मग सिद्धेश्वर एक्सप्रेस. आजीनं तुमची रेक्झिनची बॅग उघडली तेव्हा मी शेजारीच बसले होते. जाताना इथून नेलेला टॉवेल तेवढा परत आला होता, कडेला धाग्यानं तुमचं नाव घातलेला. सहा वर्षांची कमाई तिकडेच राहिली. त्याच संकटात तेल महागलं, परकीय गंगाजळी आटत गेली आणि १९९१ मध्ये देशाला ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं.

आजही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेल आखातात जातो. गाठी बांधून तयार असतात आणि जहाज कधी निघेल ते सांगता येत नाही. असं झालं की कारखानदार आधी रात्रपाळी बंद करतो. पूर्व भागातल्या कितीतरी घरांची चूल त्या पाळीवर पेटते.

आणि धंद्यापलीकडचा संबंधही आहे. १९३७ मध्ये जपाननं चीनवर हल्ला केला, तेव्हा पुढच्याच वर्षी याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमींची सेवा करायला तिकडे गेले. ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, वय ३२. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक आपण बाहेरून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अभिमानानं दाखवतो.

‘शत्रूची बाजू’ याला फार शब्द खर्चत नाही. आंतरराष्ट्रीय शांततेसाठी राज्यानं झटावं, असं आपल्या संविधानाचं कलम ५१ सांगतं. बिनहत्यारी, शांततेनं जमण्याचा हक्क कलम १९ देतं. यातलं कुठलंच शत्रूनं लिहिलेलं नाही.

रविवारी सकाळी दहाला चार हुतात्मा पुतळ्यांपासून निघायचं आणि पूनम गेटला थांबायचं. फलकांसाठी एका कारखानदारानं सेकंडचे, म्हणजे विणीत दोष राहिलेले, टॉवेल दिलेत. त्यावर रंग पसरतो, एकेक अक्षर दोनदा गिरवावं लागतं; काल रात्री ‘युद्ध नको’ लिहायला आम्हा तिघींना एक तास लागला. मामा, एक टॉवेल कोरा ठेवलाय. तुमचं अक्षर चांगलं आहे, शनिवारी संध्याकाळी या.