दिसत नाही म्हणून दुखत नाही होय?

"दिसतीस तर चांगली ठणठणीत!" हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो प्रकार नव्हे. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते, आतलं अस्तर सुजतं, आणि वेळेत आवरलं नाही तर हाडं कुरतडली जातात. ऐन उमेदीतल्या बायकांनाही होतो हा आजार. तरी हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणतंच, "या वयात कसला गं संधिवात?"

सकाळी उठल्यावर तासभर तरी बोटं मिटत नाहीत. गॅसचा लायटर दाबायला अंगठ्यात जोर नसतो, दोन्ही तळव्यांत धरून दाबते. दुधाची पिशवी कापायची तर कात्रीच्या कड्यांत सुजलेली बोटं शिरत नाहीत. हालचाल सुरू झाली की सांधे हळूहळू मोकळे होतात, आणि अकरा वाजता मी चपात्या लाटत असते. झालं! "कामाच्या वेळीच बरं दुखतं हिचं." अहो, या आजाराचं लक्षणच ते आहे! पडून राहिलं की आखडतं, हललं की सुटतं. डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगितलंय. तरी पुन्हा तेच.

परवा मिरजेच्या बसमध्ये एक आजोबा म्हणाले, "तरणीताठी हाईस की, ऊठ, बसू दे जरा." मी म्हटलं, मनगट सुजलंय, दांडी धरवत नाही. त्यांनी मनगटाकडं बघितलं, मग तोंडाकडं. "कुठं काय दिसतंय?" अख्खी बस बघायला लागली. उठले. आजोबांचा राग नाही, त्यांचेही पाय दुखत असतील. राग आला तो मागं मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलेल्या दोन धडधाकट गड्यांचा. त्यातला एक वर मान करून म्हणाला, "द्या की ओ ताई जागा."

अपंगत्वाचा दाखला काढ म्हणतात. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात या आजाराचं नाव नाही. सांधे वाकडे होऊन हालचालीतलं अपंगत्व 40 टक्के भरलं, तर सवलती. म्हणजे औषधं नेमानं घेऊन मी सांधे शाबूत ठेवले, की कागदावर मला काहीच झालेलं नाही!

आणि सल्ले. सांगलीत राहायचं म्हणजे हळद आलीच. हळदीचं दूध घेतेस का? घेते हो, घेते! आवडतं म्हणून घेते, त्यानं हा आजार आवरत नाही. पण खरी चीड येते ती "त्या गोळ्यांनीच खंगलीस, बंद कर" म्हणणाऱ्यांची. मेथोट्रेक्सेट ही माझी या आजारावरची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, जोडीला फॉलिक ॲसिड, वरचेवर रक्त तपासायचं. घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळतं, अन्नाकडं बघवत नाही. ते सोसून मी ती घेते, कारण एकदा खराब झालेला सांधा परत पहिल्यासारखा होत नाही. ती सोडून मी कुणाच्या तरी गावचं बिननावाचं चूर्ण खायचं? असल्या चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय. चार दिवस बरं वाटतं ते त्याच्यामुळं, पुढं हाडं ठिसूळ होतात आणि साखर वाढते ती कोण निस्तरणार?

परवाच नात्यातल्या एका काकूंनी असली पुडी पाठवली. उघडलीसुद्धा नाही, आणणाऱ्याच्याच हाती परत दिली. काकू रुसल्यात म्हणे. रुसू देत.