चकाकीचा काळा धंदा

अ‍ॅल्युमिनियमची जुनी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पॉलिशला घेतली की पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी विचारतंच, "अहो, किती घाण साचली होती ही!" ती घाण नसते. ती कॅराव्हॅनच असते. पॉलिशमधले बारीक कण पत्र्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा आणि त्याखालचा थोडा धातू खरवडून काढतात. हा चुरा तेलकट पेस्टमध्ये मिसळला की मिट्ट काळा होतो. तोच आमच्या कोपरापर्यंत, नाकात, आणि कपड्यांच्या मार्गाने घरच्या वॉशिंग मशीनमध्ये पोचतो. या धंद्यात हात काळे झाले नाहीत तर काम चोख चाललंय असं नाही, काम चाललेलंच नाही.

पहिली चाचणीही याच काळेपणाची. स्टेपनीमागे, कुणी बघणार नाही अशा जागी चिमूटभर पॉलिश चोळायचं. फडकं काळं झालं तर पत्रा उघडा आहे. नाही झालं तर त्यावर लॅकरचा पारदर्शक थर आहे. एअरस्ट्रीम या अमेरिकन कंपनीच्या कॅराव्हॅनवर १९६० च्या दशकाच्या मध्यापासून कारखान्यातच हा थर बसू लागला. आज तो पिवळा पडून पोपडे धरलेला असतो, आणि त्याच्याखाली दमट हवेत बारीक अळीसारख्या रेघा पसरलेल्या असतात. गंजाच्या या रेघा रिव्हेटजवळून किंवा पत्र्याच्या कापलेल्या कडेपासून सुरू होतात. खाडीकाठच्या खारट हवेत त्यांची चंगळच. थर निघतो, रेघा बारीक होतात, पण जिथे खड्डा पडला तिथे तो राहतो. गिऱ्हाइकाला हे काम सुरू करायच्या आधी सांगावं. नंतर सांगितलं की ते कारण वाटतं.

थर काढायला जेलसारखा रिमूव्हर लागतो, आणि तो अ‍ॅल्युमिनियमला चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. रबराच्या पट्ट्या, अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्या, दिव्यांची भिंगं आधी टेप आणि प्लास्टिकने झाकून घ्यायची. जेल ब्रशने जाड लावून वर प्लास्टिकचा कागद चिकटवायचा, नाहीतर ठाण्याच्या उन्हात ते थराआधी स्वतःच वाळतं. पोपडा सुटला की प्लास्टिकची पट्टी. लोखंडी पटाशी घेऊन धावत येणारा मदतनीस चहा आणायला पाठवावा.

आता सल्लागारांकडे वळू, कारण कॅराव्हॅनचं सर्वात मोठं नुकसान गंज करत नाही, हे लोक करतात. वहिनी चिंच सुचवतात. काका लिंबू-मीठ सुचवतात. पितांबरी ठाण्याचीच, त्यामुळे तिच्याबद्दल सगळ्यांना माहेरचा अभिमान, पण ती तांब्या-पितळेची सोबतीण. राखेत अल्कली असते, ती पत्रा खाते. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती ओरखडे काढते. लादी धुण्याचं अ‍ॅसिड क्लोराइडमुळे खड्डे पाडतं. आणि तुंबलेल्या सिंकमध्ये टाकतात तो कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमवर पडला की फेस येतो. सल्लागार खूश होतो, "बघा, घाण निघतेय!" निघतो तो हायड्रोजन, आणि सोबत पत्रा जातो. स्टील वूलही नको. त्याचे लोखंडी कण मऊ पत्र्यात रुतून बसतात आणि पहिल्या पावसात तपकिरी ठिपके देतात. रंगारी पॉलिश पेपर मारू का विचारेल. हात जोडून नाही म्हणावं.

इतकं जपायचं कारण पत्र्यातच आहे. चांगल्या जुन्या अमेरिकन गाड्यांना विमानाचा पत्रा असतो, २०२४ क्रमांकाचा मिश्रधातू. त्यात सुमारे ४ टक्के तांबं असल्याने तो ताकदवान, पण गंजाला हळवा. म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर दाबून बसवतात आणि त्या पत्र्याला अल्क्लॅड म्हणतात. ०.८ मिलिमीटर पत्र्यावर हा थर एका बाजूला जेमतेम ५ टक्के, म्हणजे ४० मायक्रॉन. सगळी चमक या ४० मायक्रॉनात आहे आणि आम्ही तोच थर घासून काढत असतो. पोचा आलेल्या जागेचा उंचवटा आणि पत्र्याच्या कडा आधी झिजतात. थर संपला की खालचा धातू करडा दिसतो आणि लवकर गंजतो. तो पुन्हा चढवायची सोय नाही. पॉलिशवाल्याचं खरं कसब म्हणूनच थांबण्यात आहे, जे गिऱ्हाइकाला आळस वाटतं.

धुण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सौम्य कार शॅम्पू घ्या, कपड्यांची पावडर नको. बोअरवेलचं पाणी असेल तर लगेच पुसा, नाहीतर क्षारांचे डाग पडतात. एक मात्र ठाण्याचं खास. टॉवरची आणि मेट्रोची कामं चालू असलेल्या घोडबंदर रोडवर गाडी उभी असेल तर तिच्यावर सिमेंटची धूळ बसते, रात्रीच्या दवात ती भिजते आणि चुनकट डाग सोडते. ही धूळ कोरड्या फडक्याने कधी झटकू नये. भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावी.

मग मशीन. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याला पॅड लावून आलेला माणूस पत्रा पॉलिश करत नाही, भाजतो. हवा तो वेग कमी-जास्त करता येणारा रोटरी बफर, १५०० ते २००० फेऱ्यांवर, त्यावर सात ते नऊ इंची लोकरीचा पॅड. जाड पॉलिश आधी, बारीक शेवटी. नूव्हाइट या कंपनीच्या पॉलिशच्या डब्यांवर एफ९, एफ७, सी आणि एस असं लिहिलेलं असतं, त्यात एफ९ सर्वात खरखरीत आणि एस सर्वात मऊ. कोपऱ्यात करून पाहावं आणि ज्या सर्वात मऊ डब्याने काम होतं तिथून सुरुवात करावी.

दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन घ्यायचा. त्यावर वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके, त्याहून जास्त नाही. दाब मशीनच्या वजनाचा, वरून आपलं वजन टाकायचं नाही. दोन पत्रे एकावर एक येतात तिथे पॅड कडेवरून बाहेर जाईल असा फिरवायचा. कडेत घुसला तर मशीन हातातून उडी मारतं. काळं पातळ होऊन चमक वर आली की थांबायचं, कोरडं घासत बसायचं नाही. आणि दर चौकोनानंतर पॅड दातेरी चाकाने मोकळा करायचा. त्यात साचलेली काळी खरपुडी पुढच्या चौकोनावर ओरखडे काढते.

आता हिशेब करा. साडेपाच मीटरची कॅराव्हॅन म्हणजे छप्पर धरून चाळीसएक चौरस मीटर, साधारण ४३० चौरस फूट. ठाण्यात एवढ्या कार्पेटमध्ये वन बीएचके बसतो. म्हणजे आपण एक वन बीएचके दोन-दोन फुटांच्या तुकड्यांत, बाहेरून, अंगणात पॉलिश करतोय. तुकडे शंभरावर, एकाला वीस मिनिटं धरली तर पहिल्या फेरीचेच छत्तीस तास. आणि फेऱ्या तीन.

वेळ हा वेगळाच तिढा. पत्रा तापला की पॉलिश लावता लावता वाळतं, म्हणून सावली हवी, नाहीतर भल्या सकाळी काम. सकाळी सात वाजता बफर सुरू केला की सोसायटी जागी होते. दुपारी ऊन असतं, आणि ऊन नसलं तरी दोन ते चार सोसायटी झोपलेली असते. संध्याकाळी मुलांचं क्रिकेट, आणि त्यांच्या टेनिस बॉलला पॅड अजिबात चालत नाही.

रिव्हेट हे स्वतंत्र दुखणं. एका गाडीवर ते हजारांनी असतात आणि प्रत्येकाभोवती काळं कडं राहतं. मशीन डोक्यावर रेंगाळलं तर डोकं चपटं होतं. म्हणून तिथे जुना टूथब्रश, मिनरल टर्पेंटाइनचा बोळा, आणि वर कॉर्नफ्लोअर. हो, तेच, सूप दाट करायचं. कोरडं कॉर्नफ्लोअर सांधीतला तेलकटपणा शोषतं आणि मऊ कापडाने सगळंच निघून येतं. फक्त काम संपल्यावर नीट पुसा, मुंग्यांना रिव्हेटच्या रांगा फार आवडतात. टर्पेंटाइन वापरताना विडीवाल्या वॉचमनदादांना लांब उभं करा.

यानंतर गाडी आरशासारखी दिसते आणि तिथेच बहुतेक जण फसतात. रात्री पार्किंगच्या दिव्याखाली रोटरीचे सगळे वळसे उघडे पडतात. ते घालवायला छोट्या वर्तुळांत फिरणारं दोन पॅडचं मशीन लागतं, त्यावर स्वेटशर्टचं सुती कापड, आतली मऊ बाजू बाहेर करून. पॉलिश अगदी बारीक आणि नावापुरतं. कापड काळं पडलं की लगेच बदलायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण साधी चमक आणि आरसा यांतला फरक इथेच पडतो.

राहता राहिलं छप्पर. सपाट उपनगरांच्या देशात ते कावळे सोडून कुणी बघत नाही, त्यामुळे तिथले लोक छप्पर उरकून टाकतात. ठाण्यात बावीस मजल्यांची विंग फक्त छप्परच बघते. वरून फोन येतात, "डावीकडे एक पट्टा राहिलाय." छपरावर चालायचं तर रिव्हेटच्या रांगेवरूनच, कारण खाली आडवी बरगडी तिथेच असते. दोन बरगड्यांच्या मधे पाय पडला तर पत्रा खळ्कन आत जातो आणि त्याचा पोचा बावीस मजले मोजतात.

पावसाळ्यात निळी ताडपत्री घट्ट आवळून बांधू नका. आत ओल कोंडते आणि वाऱ्याने फडफडून ताडपत्री पत्रा घासते. चारी बाजूंनी हवा खेळेल अशी उंच शेड उत्तम. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा बारीक पॉलिशचा हात फिरवला की मोठं काम लांबतं.

चमक पूर्ण आली की तक्रार येते ती दुसऱ्या मजल्यावरून : चार वाजता कवडसा थेट टीव्हीवर पडतो. गाडी पंधरा-वीस अंश वळवून लावा. कवडसा सी विंगकडे सरकतो, आणि सी विंगवाले तो विषय थेट सर्वसाधारण सभेतच काढतात.