मूल्यं पुन्हा कधी तपासायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

कंपनीने आपली ठरवलेली मूल्यं अधूनमधून तपासावीत, यावर तुमचा आक्षेप असा, की जी बदलता येतात त्यांना मूल्यं म्हणूच नये आणि हा सगळा एचआरने काढलेला उद्योग आहे. दुसरा मुद्दा बऱ्यापैकी मान्य. केवळ दोन-तीन वर्षं झाली म्हणून यादी उघडून बसण्यात काही अर्थ नाही.

पहिला मात्र पटत नाही. उबरच्या जुन्या यादीत एक मूल्य होतं, त्याचा मथितार्थ असा: कुणाच्या पायावर पाय पडला तरी बेहत्तर. हेतू चांगला होता. नवख्यानेही साहेबासमोर बेधडक मत मांडावं. प्रत्यक्षात उद्धटपणाला आयतं निमित्त मिळालं. २०१७ मध्ये नवे सीईओ दारा खोस्रोशाही यांनी ते काढलं. नव्या यादीसाठी १,२०० हून जास्त कर्मचाऱ्यांनी सूचना पाठवल्या. यात कुठलं तत्त्व सुटलं? उलट एनरॉनच्या यादीत सचोटी होती, आणि तिला कुणी हात लावण्याआधी हिशेबातल्या घोटाळ्यापायी २००१ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली.

वेळ आली की नाही, हे निर्णयांवरून कळतं. गेल्या वर्षातले वीसेक अवघड निर्णय काढा: बढती कुणाला दिली, कुणाला काढलं, कुठलं गिऱ्हाईक सोडलं. तो तसा कुठल्या मूल्यामुळे झाला, हे प्रत्येकापुढे लिहा. एखादं मूल्य एकदाही आलं नाही, तर ते फक्त भिंतीवर आहे. एखादं वारंवार आलं, पण दरवेळी कुणाच्या तरी गैरवागणुकीवर पांघरूण घालायला, तर आधी ते हाती घ्या. विलीनीकरण झालं, संस्थापक बाहेर पडला किंवा निम्म्याहून जास्त लोक यादी ठरल्यानंतर आले, की ही तपासणी करायचीच. नोकरकपातीच्या पाठोपाठ मात्र नको. लोक त्याला सारवासारव समजतात, आणि बहुधा ती असतेही.

कित्येकदा शब्दांत खोट नसतेच. फलकावर सहकार्य, आणि इन्सेंटिव्ह ज्याच्या त्याच्या टार्गेटवर! तिथे इन्सेंटिव्हची अट बदला, मूल्याला हात लावू नका.

शब्द बदलायचेच ठरले, तर आठ-दहा जणांच्या गटांत बोला, थेट वरिष्ठांना बाहेर ठेवून. प्रत्येक मूल्यापुढे एक रकाना ठेवा: यासाठी आपण काय गमावायला तयार आहोत? तो रिकामा राहिला, तर ते मूल्य घेऊ नका. मुलाखतीचे प्रश्न आणि अप्रेझलचा फॉर्म त्याच महिन्यात बदला. पोस्टर सवडीने छापलं तरी चालतं.